वीटभर जागा

मला झाडांचं काडीचंही प्रेम नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, "काकू, तुम्हाला बागेची केवढी हौस!" हौस कसली डोंबलाची. माझ्या हाताखाली आजवर एकच रोप आलं होतं, तेही पाण्याच्या बाटलीत ठेवायचं होतं. त्याला काही करावं लागत नाही म्हणतात. मी काही केलं नाही आणि ते मेलं.

मी कपडे दुरुस्त करते. पॅंट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोणाचं पोट वाढलं तर त्याची अब्रू टाक्यांत सांभाळणं. तळमजल्यावरच्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन असतं आणि आतल्या खोलीत, मागच्या खिडकीला लागून, आमच्या यांचा पलंग. हे घरं रंगवायचे. हयातभर भिंती घासल्या, त्यांची धूळ आणि थिनरचा वास पोटभर घेतला, आणि आता छाती अशी झाली आहे की चार पावलं चालले की भात्यासारखा आवाज येतो. डॉक्टरांनी सांगितलं, खिडकी कायम उघडी ठेवायची, यांना मोकळी हवा हवी. म्हणजे आमच्या घरात औषधांपेक्षा महत्त्वाची काही वस्तू असेल तर ती खिडकी.

त्या खिडकीबाहेर इमारतीची मागची उताराची जागा होती. तिथे फुटकी बेसिनं, मोडका सोफा आणि कोणाच्या तरी लग्नातली गंजलेली कमान पडलेली असायची. कोणी तिकडे फिरकत नव्हतं, आणि त्यामुळे आमची हवा चांगली होती. मग चेअरमनने दुसरी गाडी घेतली.

हे चेअरमन सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. दुसरी गाडी रस्त्यावर उभी राहू लागली आणि तिचा आरसा कोणीतरी मोडला, तेव्हा त्यांना एकदम सगळ्यांच्या भल्याची आठवण झाली. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सभा बोलावली आणि म्हणाले, "मागची जागा सपाट करून पार्किंग करू या. सगळ्यांची सोय होईल."

त्यांनी हाताने हवेत गाड्या लावून दाखवल्या. एकेक गाडी मागे मागे येत आमच्या खिडकीशी थांबली. सकाळी गाड्या सुरू होणार आणि सगळा धूर सरळ यांच्या उशीवर येणार. यांच्या छातीबद्दल बोलावं तर लोक दोन मिनिटं हळहळतील आणि मग पार्किंगला हात वर करतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. हळहळायला जागा लागत नाही, गाडीला लागते.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "तिथे बाग करू या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मीही बघितलं असतं, पण स्वतःकडे कसं बघणार?

"प्रत्येक घराला एक वाफा," मी पुढे रेटलं. "ज्याचा त्याने लावायचा, ज्याचा त्याने खायचा."

आमच्या इमारतीत कोणाला एखादी गोष्ट फार हवी असते असं नाही. पण ती शेजाऱ्याला मिळालेली कोणाला खपत नाही. पहिल्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "कोणाला किती मिळणार?" तेव्हाच मला कळलं, काम झालं. चेअरमन तोंड पाडून म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वार्षिक सभेपर्यंत बघू. तोवर तिथे काही धड उगवलं नाही तर हात वर करून पार्किंग."

आता वाफे कसे वाटायचे? चिठ्ठ्या टाकाव्यात, तर चिठ्ठ्या कोण टाकणार यावर वाद. शेवटी या लोकांच्या डोक्यात जी एकच रचना शिरते तीच केली. मजल्याप्रमाणे वाफे. उताराच्या तळाशी, खिडकीखाली, तळमजल्याचा म्हणजे माझा. त्याच्या वर पहिल्या मजल्याचा, त्याच्या वर दुसऱ्याचा, असं करत अगदी माथ्यावर चेअरमनचा. एकेक वाफा पलंगाएवढा. म्हणजे घरात ज्याचे पाय ज्याच्या डोक्यावर, बागेतही त्याचे पाय त्याच्याच डोक्यावर. यातून काय होणार हे कोणाच्याही ध्यानात यायला हवं होतं. कोणाच्याही आलं नाही.

मधली हद्द सिमेंटची करायची की तारेची, यावर चेअरमन आणि वकील इतके तापले की शेवटी काहीच पक्कं करायचं नाही असं ठरलं. नुसत्या सुट्ट्या विटा मांडल्या. "कोणाला आक्षेप असला तर उचलता येतात," वकील म्हणाले. त्यांना वाटलं ते फार शहाणपणाचं बोलले.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात, आणि म्हणताना नकळत सरळ उभे राहतात. त्यांच्या मोरीतून खालच्या वकिलांच्या छताला वर्षानुवर्षं गळती आहे. बाई म्हणतात, छताला घाम येतो. वकील म्हणतात, छताला घाम येत असेल तर त्याला साबणाचा वास कसा? या वादापायी दोघं लिफ्टमध्ये एकत्र सापडले तर एक जण जिन्याने जातो.

पहिल्याच दिवशी बाईंनी आपल्या घेवड्याला बादलीभर पाणी घातलं. पाणी ते, उतारावरून निघालं आणि विटांमधून थेट वकिलांच्या मुळ्यात शिरलं. वकील कोर्टात जायच्या काळ्या पॅंटमध्ये उभे होते. त्यांनी आधी पायांकडे बघितलं, मग वर बघितलं.

"बाई," ते म्हणाले, "इथेही?"

"पाण्याचा धर्म आहे तो," बाई म्हणाल्या. "शाळेत शिकला असाल."

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले, त्यांनी गाजरं लावली. कडक खाल्लं की दात मजबूत होतात म्हणे. आमचे हे खिडकीतून म्हणाले, "मजबूत नाही झाले तर मोडतात. कसंही झालं तरी डॉक्टरांचं नुकसान नाही." चेअरमनने आपल्या वाफ्यात काही लावलं नाही, फक्त स्वतःच्या नावाची पाटी लावली. तिच्याभोवती इतकं छान गवत माजलं की आमच्या बागेतलं सगळ्यात तरारलेलं पीक तेच होतं. मी टोमॅटो लावले. वरच्या सगळ्यांचं पाणी आणि खत वाहून माझ्याकडे यायचं, त्यामुळे मी काही न करता ते फोफावले. बाटलीतल्या रोपाला हे सुचलं नाही.

थोडे दिवस गेले आणि विटा सरकायला लागल्या.

सरकायच्या त्याही बेताने. एखादी वीट बोटभर वर, दुसरी चार बोटं खाली. वकिलांचा वाफा कधी फुगायचा, कधी आकसायचा. वकील माप घेऊन यायचे. बाई चष्मा पुसत यायच्या. आणि भांडून भांडून घसा बसला की दोघांच्याही एकदम लक्षात यायचं की या सगळ्याला एक साक्षीदार आहे. तो दिवसभर खिडकीशी बसलेला असतो.

"काका," वकील खिडकीच्या गजांशी येऊन म्हणायचे, "तुम्ही इथेच असता. ही वीट कोणी हलवली?"

हे फार विचार केल्यासारखं करायचे. "मांजर होतं बहुतेक."

"मांजर वीट हलवतं?"

"मोठं होतं," हे म्हणायचे.

मग बाई यायच्या. "पेंटर, खरं सांगा. मी कोणाला सांगणार नाही."

"बाई, मी डोळ्यांनी काही बघितलं नाही. खोटं कशाला बोलू?" हे आवाज खाली आणायचे. "पण काळी पॅंट चालली की कसा आवाज होतो, तसा झाला."

बाई तरातरा वर जायच्या. मग वकील पुन्हा यायचे, कारण बाई इतका वेळ काय बोलत होत्या ते त्यांना कळायला हवं. मग डॉक्टर, कारण दोघांनी काय सांगितलं ते ऐकायचं राहून गेलेलं. हळूहळू खिडकीबाहेर एक बाकच आला. कोणी आणला ते माहीत नाही, पण बसायचा हक्क कोणाचा यावर दोन दिवस भांडण झालं. मी पुढच्या खोलीत मशीन चालवायचे आणि आतून यांचा आवाज ऐकायचे: "एकेक करून बोला. मला सगळ्यांचं ऐकायचंय."

हे बदलले, ते मला दिसत होतं. आधी दाढी करायला मिनतवारी करावी लागायची, आता सकाळी उठले की आरसा मागायचे. पायजम्यावर शर्ट घालायचे आणि त्याची वरपर्यंत बटणं लावायचे. जेवण दोनदा मागून घ्यायचे. दुपारी वामकुक्षी मोडून खिडकीशी बसायचे आणि कोणी आलं नाही तर माझ्यावर चिडायचे, जणू मीच गिऱ्हाईकं परत पाठवली. मला आनंद झाला होता, उगाच लपवू कशाला. दम लागलेला माणूस बोलायला लागला की तो थोडा वेळ आपला दम विसरतो.

मग एक दिवस मी मोरीत गेले आणि कोपऱ्यात यांचा रोलर दिसला. छत रंगवायचा तो, लांब दांड्याचा. दांड्याला जोड असतात, एकात एक बसवले की खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचतो. धंदा सोडल्यापासून तो पलंगाखाली होता. आता ओला होता.

"अहो," मी विचारलं, "हा रोलर कशाला काढला होता?"

"भिंत बघत होतो."

"भिंतीला गांडूळ असतं?"

यांनी गांडुळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघांपैकी कोणाशी बोलणं सोपं जाईल याचा विचार केला. मला सगळं एका झटक्यात समजलं. दुपारी मी मशीनवर असताना हे गजांतून दांडा बाहेर काढायचे आणि विटा ढकलायचे. माझी हद्द, वकिलांची, बाईंची. त्यापलीकडे दांडा पोचत नव्हता, म्हणून डॉक्टर आणि चेअरमन वाचले होते.

मी अशी भडकले की विचारू नका. "लाज नाही वाटत? त्यांना एकमेकांच्या उरावर बसवताय! वैतागून सगळे पार्किंगला हात वर करतील. मग बसा धूर खात!"

हे खोकले. खोकला संपेपर्यंत मला थांबावं लागलं, ही यांची जुनी युक्ती आहे. मग म्हणाले, "तू तिकडे मशीन चालवतेस. मी इथे. बागेच्या आधी मला बघायला कोण यायचं, सांग बरं? अख्ख्या इमारतीच्या भिंतींना माझा हात लागलाय. त्यांच्या घरी महिना महिना काम केलं, चहा प्यायलो, त्यांच्या पोरांच्या तक्रारी ऐकल्या. आजारी पडल्यावर एक जण आला नाही. आता भांडायला का होईना, येतात."

मला वाईट वाटलं होतं आणि रागही उतरला नव्हता.

"आणि पार्किंगला कोणी हात वर करणार नाही," हे म्हणाले. "ज्याचं भांडण अर्धवट राहिलंय तो जागा सोडून जात नाही. तू बघच."

मी रोलर धुतला, गांडूळ टोमॅटोत सोडलं आणि म्हणाले, "निदान वापरून झाल्यावर धुवून तरी ठेवत जा." एवढंच बोलले. संसार म्हणजे दुसरं काय असतं!

हवा बदलली आणि यांची छाती भरली. भात्याचा आवाज शिट्टीसारखा झाला, ओठ निळसर दिसायला लागले, आणि डॉक्टरांनी इस्पितळात ठेवून घेतलं. मी मशीनवर कापड टाकलं आणि सकाळ-संध्याकाळ तिकडे फेऱ्या मारायला लागले. बागेकडे बघायला मला फुरसत नव्हती. कधीतरी कपडे वाळत घालताना नजर जायची.

मागे शांतता पसरली होती. विटा जागच्या जागी. वकील आणि बाई समोरासमोर आले तर मान हलवायचे, बाई चक्क "बरं आहे ना?" म्हणाल्याचं मी कानांनी ऐकलं. एवढी सभ्यता मी या इमारतीत कधी बघितली नव्हती. आणि त्या सभ्यतेने बागेचं वाटोळं केलं. भांडण नाही म्हटल्यावर खाली यायचं कशाला? बाक रिकामा पडला. घेवडा पिवळा पडला, मुळे सरळ फुलावर गेले, गाजरांची पानं कोणीतरी खाऊन टाकली. फक्त चेअरमनचं गवत मजेत होतं. चेअरमन हातात टेप घेऊन जागा मोजत होते आणि मला बघून म्हणाले, "काकांना बरं आहे ना? रविवारी वार्षिक सभा आहे, लक्षात आहे ना?" दोन्ही प्रश्न एकाच सुरात विचारले.

इस्पितळात यांच्या तोंडाला नळी होती. मी गेले की नळी बाजूला करून हे पहिलं काय विचारायचे? "भांडण झालं का?"

"नाही झालं."

"कोणी विचारलं, साक्षीदार कुठे गेला म्हणून?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण यांना माझं खोटं लगेच कळतं, मी डोळ्याला डोळा देत नाही. "सगळे आपापल्या कामात आहेत," मी म्हणाले. यांनी नळी परत तोंडाला लावली आणि भिंतीकडे तोंड केलं. रंग वाईट लावलाय, असंही म्हणाले नाहीत. तेव्हा मी घाबरले.

शनिवारी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, "आता घरी नेता येईल. पण धूर, धूळ अजिबात नको. पुन्हा असं झालं तर आम्हालाही काही करता येणार नाही. घरी मोकळी हवा येते ना? खिडकी आहे?"

"आहे," मी म्हणाले. आणि घरी येईपर्यंत बसमध्ये मला तो एकच शब्द टोचत राहिला. खिडकी उद्या संध्याकाळपर्यंत होती.

रविवारी उजाडताच मी पलंगाखालून रोलर काढला. जोड एकात एक बसवले. माझ्या वयाच्या बाईने खिडकीतून दांडा काढून शेजाऱ्यांच्या विटा ढकलाव्यात हे काही शोभत नाही. पण शोभायला काय मी फोटोत बसले होते? वकील आणि बाईंमध्ये एकदा जुंपून द्यायची, मग सभेत दोघं पार्किंग विसरतील, एवढाच माझा बेत होता. मी खिडकी उघडली आणि दांडा हातात तसाच राहिला.

विटा हलल्या होत्या.

एक नाही, दोन नाही, सगळ्याच. वकिलांची हद्द बाईंच्या घेवड्यात घुसली होती. बाईंची डॉक्टरांच्या गाजरांत. डॉक्टरांची थेट चेअरमनच्या पाटीला टेकली होती. वरच्या त्या विटांपर्यंत यांचा दांडा कधी पोचलाच नव्हता, आणि हे तर इस्पितळात झोपलेले. मी सपाता घालून मागे गेले. प्रत्येकाचा वाफा कुठेतरी आकसला होता, कुठेतरी फुगला होता. माझा तेवढा चांगला हातभर वाढला होता. मला कोणाचं फुकटचं नको असतं, पण त्या वेळी मी परत करायला गेले नाही.

संध्याकाळी जिन्याखाली सभा भरली. मी मागे उभी होते. माझ्या धंद्यामुळे मी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी पॅंटच्या काठाकडे. वकिलांच्या पॅंटचा काठ मीच दुमडून दिला होता. त्यात वाळलेला चिखल होता. डॉक्टर नेहमी झकपक असतात, त्यांच्याही काठाला चिखल. बाईंच्या बुटांना तर वरपर्यंत लागला होता. मी भिंतीला टेकले.

चेअरमनने घसा साफ केला. "तर, बागेत काही उगवलेलं नाही, हे आपण सगळे बघतो. पार्किंगच्या बाजूने हात—"

"हरकत आहे," वकील उभे राहिले. कोर्टात त्यांचं कोणी ऐकत नाही म्हणतात, पण त्या दिवशी आवाज असा लागला की लिफ्टमधले लोकही थांबले. "जागेच्या हद्दीचा वाद चालू आहे. काल माझ्या हद्दीत फेरफार झालेला आहे. एकमेव साक्षीदार इस्पितळात आहे. त्याची साक्ष होईपर्यंत त्या जागेवरचा दगडही हलवता येणार नाही."

"वीट," बाई म्हणाल्या. "दगड नाही. पण वकील जन्मात पहिल्यांदा बरोबर बोलले. माझा पाठिंबा आहे."

वकिलांना इतका धक्का बसला की ते खाली बसले.

"माझी गाजरं बाईंच्या बाजूला गेली आहेत," डॉक्टर म्हणाले. "ती कोणाच्या जागेत धरायची याचा निकाल लागू दे."

"गाजरांचं सोडा, माझ्या जागेचं काय!" चेअरमन उसळले. "तुमच्या विटा माझ्या पाटीला टेकल्या आहेत! हे अतिक्रमण आहे. माझी जागा मला पूर्ण मिळाल्याशिवाय मी कोणताही—"

ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, पण उशिरा.

"म्हणजे पार्किंग तूर्त नको," बाई म्हणाल्या. त्यांनी वर्ग सोडायचा तशी सभा सोडली.

मी चेअरमनच्या पायांकडे बघितलं. त्यांच्याही काठाला चिखल होता. वीट मागे सरकवायला गेले होते की पुढे, ते मी विचारलं नाही. काही गोष्टी पॅंट धुवायला जाते तेव्हाच मिटतात.

दुसऱ्या दिवशी मी यांना घरी आणलं. जिन्याच्या दोन पायऱ्या चढायला किती वेळ लागला ते सांगत नाही. पलंगावर बसवलं, पाठीला उशी दिली, खिडकी उघडली. यांनी आधी हवा घेतली, डोळे मिटून. मग डोळे उघडून बाहेर बघितलं. बघतच राहिले. नजर माझ्या टोमॅटोंवरून वर चढत गेली, वकिलांच्या विटा, बाईंच्या, डॉक्टरांच्या, आणि पाटीशी जाऊन थांबली.

"तू केलंस?" यांनी विचारलं.

"नाही."

"वरच्या विटांपर्यंत माझा दांडा पोचत नाही."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

यांनी तोंड फिरवून खोकल्याचं सोंग केलं. एवढ्या वर्षांत मी यांचे खरे आणि खोटे खोकले ओळखायला शिकले आहे. मीही पदर डोळ्यांना लावला आणि मशीनचं तेल उडालं असं म्हणाले. मशीन पुढच्या खोलीत होतं.

तेवढ्यात बाहेर बाक करकरला. वकील आले होते, हातात मापाची टेप. त्यांच्या शेजारी, मध्ये वीतभर जागा सोडून, बाई बसल्या. मागे डॉक्टर उभे, आणि त्यांच्याही मागे, आपण सहज आलो आहोत असं दाखवत, चेअरमन. यांनी शर्टाची बटणं वरपर्यंत लावली आणि गजांना धरून सरळ बसले.

"एकेक करून बोला," हे म्हणाले. आवाज फाटका होता. "आधी मला सांगा, मी नसताना विटा कोणी हलवल्या?"

वकिलांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मांजर होतं, पेंटर," बाई म्हणाल्या.

"मांजर वीट हलवतं?"

"एकटं नाही हलवत," बाई म्हणाल्या. "पुष्कळ होती."